मुलांची स्लीपिंग बॅग: लेबलवरचा कोणता आकडा खरा?

प्रश्न: मुलगी 8 वर्षांची, उंची 125 सेंमी. तंबूत मुक्काम आहे आणि रात्री पारा 5 अंशांपर्यंत उतरतो. पाहून ठेवलेल्या स्लीपिंग बॅगच्या लेबलवर कम्फर्ट 7, लिमिट 2, एक्स्ट्रीम उणे 13 असे लिहिले आहे. पुरेल का? की वाढते अंग म्हणून मोठ्यांचीच घ्यावी?

उत्तर: ही बॅग घेऊ नका. उणे 13 वाचून फसगत होते. एक्स्ट्रीम ही कशीबशी रात्र काढण्याची हद्द आहे; त्या थंडीत अंगातली ऊब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आयएसओ 23537 या मानकात कम्फर्टचा (आरामात झोप लागेल त्या तापमानाचा) आकडा प्रौढ स्त्री धरून काढतात आणि लिमिटचा (जेमतेम झोप लागेल त्या तापमानाचा) अंग आखडून झोपलेला प्रौढ पुरुष धरून. लहान मुलांना हे मानक लागूच होत नाही. वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. म्हणून फक्त कम्फर्टचा आकडा पाहा आणि तो अपेक्षित तापमानापेक्षा निदान 5 अंशांनी खालचा असू द्या. तुमच्या मुलीसाठी तो 0 किंवा उणे हवा.

आता मापाचे. बॅग स्वतः गरम नसते, ती अंगाची ऊब धरून ठेवते. आत पोकळी जितकी मोठी, तितकी हवा त्या छोट्या अंगाला तापवावी लागते. उंचीपेक्षा 15 ते 20 सेंमी जास्त, म्हणजे 140 ते 145 सेंमीची बॅग बरोबर बसेल. मोठ्यांचीच वापरायची झाली, तर पाय पोचतात त्याच्या वीतभर खाली ती बाहेरून दोरीने बांधा आणि उरलेला भाग खाली दुमडा.

विकत घेण्याआधी बॅग उलगडून उजेडासमोर धरा. शिवणींच्या रेषांतून उजेड आरपार दिसला, तर तिथे भराव नाही आणि थंडी तिथूनच शिरेल. चेनच्या आतून भरावाची जाड पट्टी हवी; नसेल तर दात्यांतून येणारा गारवा थेट कुशीला लागतो. मुलांसाठी आम्ही सिंथेटिक भरावच सुचवू. रात्री अंथरूण ओले झाले तर पिसांचा भराव चिकटून बसतो, सिंथेटिक बरीच ऊब टिकवतो आणि लवकर वाळतो.

बहुतेकांचे चुकते ते खालच्या मॅटमध्ये. अंगाखाली भराव चेपतो आणि बॅग कितीही चांगली असली तरी पाठ गारठते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे ती जमिनीची थंडी किती अडवते याचा आकडा, छापलेली असते. साध्या फोम मॅटची ती साधारण 2 असते. दोन मॅट एकावर एक टाकल्या की आकड्यांची बेरीज होते. तुमच्या मुक्कामाला 3 ते 4 हवी.

झोपण्याच्या तासभर आधी बॅग पिशवीतून काढून झटका, म्हणजे भराव फुलेल. दिवसभराचे कपडे आणि मोजे बदलून कोरडे घाला, टोपी असू द्या, लघवीला नेऊन आणा. तोंड आत घेऊन झोपू देऊ नका, श्वासाच्या वाफेने भराव दमट होतो.

प्रश्न: धाकटा 10 महिन्यांचा आहे. त्याला लहान मापाची अशीच बॅग चालेल का?

उत्तर: नाही. तो आत सरकला तर नाकातोंडावर कापड येऊन श्वास कोंडू शकतो. त्याच्या वजनाची, हात बाहेर राहतील अशी, गळ्याशी नीट बसणारी, बिनटोपीची बाळांची स्लीपिंग बॅग घ्या आणि आत कपड्यांचे थर घाला. हात गार लागले म्हणून थर वाढवू नका. मान किंवा छाती चाचपून पाहा. घाम असेल तर एक थर काढा.