पेनड्राइव्ह ओळखायचा कसा

हे बघ बाळा, लिनक्सवर पेनड्राइव्ह लावायच्या आधी टर्मिनलमध्ये एकदा ‘एलएसबीएलके’ (lsblk, डिस्कची यादी दाखवणारी कमांड) चालव, लावल्यावर परत चालव. नवी ओळ दिसेल तोच तुझा पेनड्राइव्ह, नाव बहुतेक एसडीबी (sdb). माउंट करायचा, म्हणजे फोल्डरला जोडून उघडायचा, तो त्याखालचा भाग, एसडीबी१ (sdb1). नाव पाठ करू नको, ते बदलतं. आकार ताडून बघ. १६ जीबीचा १४.९च्या आसपास दिसतो, घाबरू नको.

मग ‘सुडो माउंट’ (sudo mount, सुडो म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्कानं), पुढं तो भाग, पुढं रिकामं फोल्डर. झालं.

काढताना मात्र ‘यूमाउंट’ (umount), यूनंतर एन नाही. कॉपी संपली असं दिसलं तरी बराच डेटा अजून कॉम्प्युटरच्या मेमरीतच असतो. लातूरला ऐन कॉपीनंतर लाइट गेली अन् बहिणीच्या लग्नाचे निम्मे फोटो उघडेचनात. आता यूमाउंट दिल्यावर प्रॉम्प्ट (पुढची कमांड लिहायची ओळ) परत येईस्तोवर मी पेनड्राइव्हला हात लावत नाही.