वासुदेवाच्या टोपीखाली डोळे दिसेनात

प्रश्न : आमच्या गावात अजून पहाटे वासुदेव येतात. त्यांचे फोटो जपून ठेवण्यासारखे काढायचे आहेत. पण मोरपिसांच्या टोपीखाली डोळे काळे येतात, अंगरखा नुसता पांढरा डाग दिसतो. फ्लॅश लावला तर मोरपिसं निस्तेज होतात. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : फ्लॅश बाजूला ठेवा. मोरपिसाचा निळा-हिरवा रंग त्याच्या सूक्ष्म रचनेतून परतणाऱ्या उजेडाचा असतो. उजेडाचा कोन बदलला की तेच पीस तपकिरी दिसतं. वासुदेवांना ओसरीत, छपराच्या कडेपासून हातभर आत, तोंड अंगणाकडे करून बसवा. मान किंचित वळवायला सांगा, पिसं उजळली की थांबा. डोळ्यांसाठी गुडघ्यांपुढे पांढरं धोतर अंथरा, त्यावरचा उजेड टोपीखाली शिरतो. रंगीत चादर नको, तिची छटा हनुवटीवर उतरते.

अंगरखा जळतो, म्हणजे घड्या पुसून नुसता पांढरा होतो, तो मागच्या काळोख्या दारामुळे. कॅमेरा अंधार मोजतो आणि उजेड वाढवतो. एक्स्पोजर (फोटोचा उजेड) −०.७ ते −१ वर आणा, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, ठेवा, हिस्टोग्राम (पडद्यावरचा उजेडाचा आलेख) उजव्या कडेला चिकटू देऊ नका. चेहरा नंतर उजळता येतो, जळालेल्या घड्या परत येत नाहीत. ८५ मिमी लेन्स, २ मीटर अंतर, लेन्सचं छिद्र एफ ५.६. एफ १.८ वर, म्हणजे छिद्र मोठं उघडलं की, पापणी स्पष्ट येते आणि टोपी धूसर होऊन विरघळते. टोपीशिवाय वासुदेव कसला! शटर बसलेले असताना १/२०० सेकंद पुरे, चिपळ्या वाजत असतील तर १/५००.

फेरी चालू असताना मात्र अडवू नका, ती त्यांच्या कमाईची वेळ. आदल्या दिवशी विचारा, मोडणाऱ्या वेळेचे पैसे आधी ठरवा. ‘दान पावलं’मध्ये ते कोणकोणत्या देवांची नावं घेतात, तेही ध्वनिमुद्रित करा.

आणि फोटोखाली नुसतं ‘वासुदेव’ लिहू नका. १८६०च्या दशकात मुंबईत छायाचित्रकार विल्यम जॉन्सन यांनी स्टुडिओत माणसं उभी करून मागे दुसरीच दृश्यं जोडली. खाली जातजमात आली, माणूस निनावी राहिला. तुम्ही वासुदेवांना विचारून पूर्ण नाव, गाव, तारीख लिहा, हा पेहराव कोणाकडून आला तेही.

त्यांना ८ × १० इंचांची प्रिंट द्या. फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यामध्ये २ मिमी जाड माउंट (मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठा) घाला, नाहीतर पावसाळ्यात दमटपणाने फोटो काचेला चिकटतो आणि सोडवताना नेमका चेहराच सोलून निघतो.