पोटातल्या बॅक्टेरियांसाठी सुरुवात कुठून करायची?

सुरुवात करताय ते मस्तच, फक्त लगेच प्रोबायोटिकच्या (जिवंत चांगल्या बॅक्टेरियांच्या) गोळ्या आणि पोटातले बॅक्टेरिया तपासणारी महागडी स्टूल टेस्ट यांच्या मागे लागू नका, त्या रिपोर्टवरून नेमकं काय खायचं ते अजून कुणी नीट सांगू शकत नाही.

१. फायबर वाढवा, पण हळूहळू. कडधान्यं, भाज्या, फळं, अख्खी धान्यं. मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया फायबर आंबवून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल बनवतात आणि तिथल्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. नवखे लोक पहिल्याच दिवशी ताटभर कडधान्य खातात, पोट टम्म फुगतं आणि मग "मला फायबर सोसत नाही" म्हणून सगळंच सोडतात! पाणीही वाढवा.

२. रोज तेच ते नको. २०१८ च्या अमेरिकन गट प्रोजेक्टच्या (गट म्हणजे इंग्रजी gut, आतडं) अभ्यासात आठवड्याला ३० हून जास्त प्रकारच्या वनस्पती खाणाऱ्यांच्या पोटात बॅक्टेरियांची जास्त विविधता दिसली. पण प्रकार मोजून वह्या भरत बसू नका हं.

३. साध्या सर्दीला अँटिबायोटिक नको, त्याने पोटातले चांगले बॅक्टेरियाही मरतात. डॉक्टरांनी दिलंच तर मनाने मध्येच बंदही करू नका.

आहार बदलला की काही दिवसांतच बॅक्टेरिया बदलायला लागतात, पण जुन्या खाण्यावर गेलात की तेही मागे फिरतात. माती, पाळीव प्राणी, घरातली माणसं यांचाही वाटा असतो, ते नंतर बघू. पोटाचा जुना त्रास असेल तर आधी डॉक्टर.