निर्णयाच्या आधीची पानं

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका प्रकल्पासाठी आमचा दहा जणांचा गट होता आणि मी गटप्रमुख होते. एक मुलगा काहीच करत नव्हता. त्याच्या घरी अडचण आहे असं कानावर होतं, म्हणून मी त्याला बोलले नाही. त्याचा भाग रात्री जागून मीच पूर्ण केला. बाकीचे चिडले. सर म्हणाले, "तू फार मवाळ आहेस, नेतृत्व तुझा पिंड नाही." मला पुढे सामाजिक संस्थांच्या व्यवस्थापनात जायचं आहे. आई म्हणते, कर्तबगार स्त्रियांची आत्मचरित्रं वाच. त्यातून खरंच शिकता येतं, की नेतृत्वाचा प्रमाणपत्र कोर्स करू?

उत्तर : प्रिय विद्यार्थिनी,

आधी सरांच्या वाक्याविषयी. नेतृत्व हा जन्मजात पिंड असतो, हे मला मान्य नाही. पण तू जे केलंस त्याला दयाळूपणा म्हणायलाही मी तयार नाही. तुला किती झेपेल, असं तू त्या मुलाला एकदा तरी विचारलंस का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. ऐकीव माहितीवर तू त्याच्या वतीने ठरवून टाकलंस आणि उरलेल्या आठ जणांना अंधारात ठेवलंस. अवघड बोलणं टाळण्याची ती एक वाट होती. हे वाचून टोचेल, पण त्यात दिलासाही आहे, कारण असं बोलणं सरावाने जमतं.

आईचा सल्ला मला मनापासून आवडला. फक्त ही पुस्तकं स्फूर्तीसाठी वाचू नकोस. मोर्चा, पुरस्कार, टाळ्या वाचून दोन दिवस भारावल्यासारखं होतं आणि तिसऱ्या दिवशी सगळं जैसे थे. निर्णयाच्या आधीची पानं सावकाश वाच. बाईला तेव्हा काय माहीत होतं, तिने कोणाला विचारलं, चूक झाली असती तर कोणाला भोगावं लागलं असतं, हे शोध.

केनियात झाडं लावण्याची चळवळ उभी करणाऱ्या वांगारी मथाई यांचं 'अनबाउड' (२००६) पहिलं घे. त्यांना २००४ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. १९७७ मध्ये समारंभाने लावलेल्या पहिल्या सात झाडांपैकी दोनच जगली, हे फार थोड्यांना आठवतं. पुढे चळवळ उभी राहिली ती गावातल्या बायकांच्या जोरावर. सरपण, चारा, पाणी यांसाठी होणारी वणवण मथाईंनी त्यांच्याच तोंडून ऐकली होती. रोपं वाढवणं हे शिकलेल्या वनाधिकाऱ्यांचं काम आहे, असं जाणकार म्हणत. मथाईंनी बायकांच्या हाताच्या अनुभवावर भरवसा ठेवला. पण तिथे एक नियमही होता. छोटासा मोबदला मिळायचा तो जगलेल्या रोपामागे. या नियमापाशी थांबून विचार कर. समोरच्याची गरज ओळखायची, त्याच्यावर विश्वास टाकायचा आणि कामाचा हिशेबही मागायचा, हे तिन्ही एकत्र नांदू शकतं. तुझ्या गटात पहिलं होतं, तिसरं नव्हतं.

त्याच पुस्तकात १९९२ चा प्रसंग आहे. राजकीय कैद्यांच्या आया मुलांच्या सुटकेसाठी उपोषणाला बसल्या, मथाई त्यांच्यासोबत बसल्या आणि पोलिसांच्या मारहाणीत बेशुद्ध पडल्या. मला त्यांच्या धैर्याइतकंच हे महत्त्वाचं वाटतं, की मागणी त्या आयांची होती आणि शेवटपर्यंत त्यांचीच राहिली.

दुसरं पुस्तक लायबेरियाच्या लेमा बोवी यांचं, 'माइटी बी अवर पावर्स' (२०११). २००३ मध्ये लायबेरियातलं यादवी युद्ध थांबवण्यासाठी चाललेल्या शांतता वाटाघाटींच्या सभागृहाबाहेर बायकांनी ठाण मांडून प्रतिनिधींची वाट अडवली, त्या आंदोलनाच्या त्या नेत्या. पण त्याआधी युद्धात होरपळलेल्या माणसांसोबत, लढाईत ओढल्या गेलेल्या मुलांसोबत त्यांनी काम केलं होतं, ती पानं गाळू नकोस. घरातला छळ, दारूचं व्यसन, मुलांपासून दूर राहावं लागल्याची बोच, हेही त्यांनी लपवलेलं नाही.

आणि आपल्या भाषेतली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घरात असतीलच, नसतील तर मिळव. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. सोवळंओवळं त्यांच्या मनातून एका रात्रीत गेलं नाही. ते कसं गळत गेलं ते त्यांनी स्वतःला जराही न सजवता सांगितलं आहे. आपलं मत चुकलं होतं, हे चारचौघांत इतक्या मोकळेपणाने सांगणारी माणसं मी कामाच्या ठिकाणी फार थोडी पाहिली आहेत.

वाचण्याची माझी पद्धत सांगते. पेच आला की पुस्तक मिटायचं. आपण काय केलं असतं, कोणाशी बोललो असतो, कोणाचं नुकसान झालं असतं, हे वहीत लिहायचं आणि मगच पुढे वाचायचं. लेखिकेशी मत जुळलं नाही तरी बिघडत नाही. आत्मचरित्र शेवट माहीत झाल्यावर लिहिलेलं असतं आणि ती एकच बाजू असते, म्हणून त्याच घटनेबद्दल दुसऱ्या कोणी लिहिलेलंही शोध.

कोर्सबद्दल थोडक्यात. प्रत्यक्ष गट चालवायला मिळणार असेल आणि चुका दाखवणारं कोणी असेल तर कर. नुसती व्याख्याने ऐकून प्रमाणपत्र मिळणार असेल तर तोच वेळ एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून दे, तेही छोट्याशा कामाची पूर्ण जबाबदारी मागून घेऊन. मुलाखतीत अवघड निर्णयाचा प्रसंग हमखास विचारतात, तेव्हा तुझ्याजवळ स्वतःचं काही सांगण्यासारखं हवं.

पहिला प्रसंग तर तुझ्यासमोरच आहे. या आठवड्यात त्या मुलाला एकट्याला गाठ. "तुझा भाग मी केला, आणि तुला न विचारता केला, ही माझी चूक. तुझं काय अडलं होतं? पुढच्या वेळी किती जमेल आणि कधीपर्यंत?" एवढंच विचार आणि मग गप्प राहून ऐक. त्यानंतर बाकी आठ जणांना भेट; त्याच्या घरचं काही न सांगता तुझ्या बाजूने काय चुकलं ते सांग. झालं की वहीत लिहून काढ आणि मलाही कळव. तो काय म्हणाला ते लिही, आणि तुझा आवाज कुठे अडखळला तेही.

तुझी,
मार्गदर्शक ताई