‘त्या ग्रुपमुळे ती आणखी बिघडेल का?’

“मॅडम, तिथे सगळे आजारीच लोक. त्यांच्यात राहून ही आणखी बिघडायची नाही का?” माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलीची आई विचारत होती. मुलीला बायपोलर, म्हणजे मन कधी उन्मादाकडे (अति उत्साहाकडे) तर कधी नैराश्याकडे झुकणारा आजार. पंचविशीतली, लिथियम या मन स्थिर ठेवणाऱ्या औषधावर बऱ्यापैकी स्थिरावलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिला ऑनलाइन आधारगट सापडला आणि आईचा जीव टांगणीला लागला. गप्पांतून बायपोलर लागत नाही, हे मी आधीच सांगून टाकलं. पण काळजी अगदीच अनाठायी नव्हती.

मुलीशी वेगळं बोलले. “घरी जरा जास्त हसले तरी गोळी घेतलीस का विचारतात,” ती म्हणाली. “तिथे हसता येतं.” घरच्यांना हे झोंबतं, पण खरं आहे. उन्माद ओसरल्यावर उधळलेल्या पैशांची, बोलून गेलेल्या शब्दांची जी लाज वाटते, ती तिथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. माझ्याकडे ती सांगावी लागते.

मग हळूच तिने दुसरी गोष्ट काढली. लिथियमने हात कापतात, असं तिने गटात लिहिलं होतं. एकाने सल्ला दिला, “सोडून दे, मी सोडलं, काही झालं नाही.” तिने दोन दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या. लिथियम एकदम थांबवलं की उन्माद परत येण्याचा धोका वाढतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावायला लावला. गोळ्या पुन्हा नियमित सुरू होऊन काही दिवस झाले, की शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त घेऊन त्यातली लिथियमची पातळी पाहतात. ती पाहून त्यांनी डोस थोडा बदलला. बारीक थरथर नेहमीच्या डोसनेही होते. पण हात जोरात कापू लागले, उलट्या झाल्या, तोल जाऊ लागला, तर थेट दवाखाना गाठायचा. गंमत म्हणजे आयबुप्रोफेनने लिथियमची पातळी वाढते, ही बरोबर माहितीही तिला त्याच गटात मिळाली होती. ‘मला असं झालं’ हे जरूर ऐकावं. ‘तू असं कर’ सुरू झालं की डॉक्टरांना विचारावं.

मी तिला तिचेच जुने मेसेज उघडायला सांगितले. एरवी रात्री नऊच्या सुमारास दोन-तीन ओळी. मागच्या महिन्यात मात्र पहाटे २:४०, ३:१५, ४:०५. लांबलचक परिच्छेद, नव्या धंद्याचे बेत, उद्गारचिन्हांची रांग. “इतकी कमी झोप होऊनही थकवा नव्हता ना?” ती बघतच राहिली. झोपेची गरजच कमी वाटणं आणि कामाचा उत्साह उतू जाणं ही उन्मादाची ओळखीची सुरुवात. एका मेसेजखाली कुणीतरी विचारलंही होतं, “झोपलीस का गं?” तिने चिडून उत्तरच दिलं नव्हतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईच्या आलं होतं.

त्यामुळे गट सोडायला मी सांगितलं नाही. रात्री दहानंतर फोन दुसऱ्या खोलीत, आणि दोन रात्री सलग झोप उडाली तर डॉक्टरांना फोन, एवढं ठरलं. ‘झोपलीस का’ विचारणाऱ्या बाईलाही तिने हे कळवलं.

आईंना तिचे मेसेज वाचायचे होते. मी नाही म्हटलं. नातेवाइकांचे वेगळे गट असतात, तिथे जा, असं सुचवलं. “मी कशाला जाऊ? मला काय झालंय?” त्या म्हणाल्या.