४० टक्क्यांच्या खाली कायदा लागूच होत नाही का?

प्रश्न : माझ्या बहिणीच्या उजव्या हातात दोष आहे, सर्टिफिकेटवर ३० टक्के लिहिलंय. सगळे म्हणतात ४० च्या खाली कायदाच लागू नाही, विषय सोडा. नेटवर बघितलं तर कुठे आरक्षण ३ टक्के, कुठे ४, आणि व्हॉट्सअॅपचे फॉरवर्ड तर तिसरंच सांगतात. विश्वास ठेवायचा कशावर?

उत्तर : विषय अजिबात सोडू नका दादा. आधी ३ आणि ४ चा घोळ बघू. आपल्याकडे पूर्वी १९९५ चा कायदा होता, त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार आणि सरकारी नोकरीत किमान ३ टक्के आरक्षण. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, प्रकार २१ झाले आणि आरक्षण किमान ४ टक्के. पण जुन्या कायद्यावर लिहिलेलं कोणी काढून टाकत नाही ना, सर्च केलं की ते आजही वर येतं. म्हणून लेखात कायद्याचं साल आणि कलम नंबर नसेल तर तो बाजूला ठेवा, लिहिणारा कितीही मोठा वकील असू दे.

आता ४० टक्के. इंडिया कोड या सरकारी साइटवर अख्खा कायदा फुकट वाचायला मिळतो, तिथे कलम २ उघडा. त्यात दोन वेगळ्या व्याख्या आहेत आणि सगळी गफलत इथेच होते. एक 'दिव्यांग व्यक्ती'ची, तिच्यात टक्क्यांचा उल्लेखच नाही, दीर्घकाळचा दोष आणि समोरच्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, एवढंच. दुसरी 'बेंचमार्क' अपंगत्वाची, ४० टक्के तिथे येतात. नोकरीतलं आरक्षण या दुसरीसाठी आहे, ते ३० टक्क्यांवर नाही मिळणार, हे खरंय. पण भेदभाव करायचा नाही हे कलम ३ पहिल्या व्याख्येवर चालतं, म्हणजे तुमच्या बहिणीलाही लागू. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या केसमध्ये हेच सांगितलं, परीक्षेला रायटर फक्त बेंचमार्कवाल्यांनाच देणार असं म्हणता येणार नाही. तो निकाल कोर्टाच्या साइटवर आहे, लांबलचक आहे पण वाचाच, तुमच्या बहिणीचीच अडचण त्यात मांडलीये असं वाटेल.

कायद्याखालचे २०१७ चे नियम मात्र अधूनमधून बदलतात, त्यामुळे नियम बघताना शेवटची दुरुस्ती कधीची ते बघा. फॉरवर्ड आला तर पाठवणाऱ्याला अधिसूचनेचा किंवा जीआरचा नंबर आणि तारीख विचारा, नसेल तर पुढे पाठवू नका, कोणीतरी त्यावर विसंबून फॉर्मच भरत नाही हो.

आणि बहिणीला सरकारी ऑफिसात कोणी '४० च्या खाली काही नाही' म्हणून परत पाठवलं तर ते लेखी मागा. कलम २३ प्रमाणे तिथे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असायला हवा, त्याच्याकडे अर्ज द्या, नाही ऐकलं तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं.