मणक्याचं ऑपरेशन आणि वीस गुंठ्यांचा सौदा

प्रश्न (औसा तालुक्यातून): आईचं वय ७२. एमआरआयमध्ये कमरेच्या मणक्यातली नळी अरुंद झाल्याचं निघालं. थोडं चाललं की पाय भरून येतात, खाली बसलं की बरं वाटतं. लातूरला एका दवाखान्यात स्क्रू-रॉडसह साडेतीन लाख सांगितलेत. एफडी ४ लाखांची आहे. ती मोडू, वीस गुंठे विकू, की आधी विमा काढू?

उत्तर: विम्याचा विचार सोडाच. आधीच निदान झालेल्या आजारासाठी कंपनी ३ वर्षांपर्यंत थांबवू शकते, आणि एमआरआय लपवून काढलेली पॉलिसी ऐन वेळी उपयोगाला येत नाही. जमीनही राहू द्या. दवाखान्याचा खर्च अंगावर आलाय हे गावात कळलं की गिऱ्हाईक भाव पाडूनच मागतं. शिवाय साडेतीन लाखांचा आकडा अजून पक्का कुठे आहे?

या ऑपरेशनचा गुण मुख्यतः पायांना येतो. चालताना येणारा जडपणा, कळा, मुंग्या कमी होतात. नुसत्या कंबरदुखीसाठी पैसे घालणारे बरेचदा नाराज होतात, आणि फार जुना बधिरपणा पूर्ण जाईलच असं नाही. आईंचं दुखणं पहिल्या प्रकारचं दिसतं, म्हणून खर्च वाया जाईल असं मला वाटत नाही.

प्रश्न स्क्रूंचा आहे. दबलेल्या नसा मोकळ्या करणं हे एक काम, स्क्रू-रॉड लावून मणके जोडणं हे दुसरं. स्वीडनमध्ये २४७ रुग्णांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मणके जोडलेल्यांना दोन वर्षांनी जास्तीचा फायदा दिसला नाही. रक्तस्राव, वेळ आणि खर्च मात्र वाढला. मणका खरोखर हलत असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पुढे-मागे वाकवून काढलेले एक्स-रे घेऊन दुसऱ्या सर्जनला दाखवा, आणि स्क्रूसह व स्क्रूविना असे दोन्ही अंदाज लेखी मागा. आई मशेरी लावत असतील तर आधी बंद करा, तंबाखूने हाड जुळायला अडचण येते. साखरही आटोक्यात हवी.

पैशांसाठी पहिलं दार सरकारच्या आयुष्मान भारत योजनेतल्या वय वंदना कार्डाचं. सत्तरी गाठलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. आधारवर केवायसी होते. मेख अशी की दवाखाना योजनेत हवा, तोही मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी, आणि मंजुरी आधी लागते. खिशातून भरून मागाहून परतावा मागू म्हणाल तर तसं चालत नाही. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम पाहणारा माणूस) फाईल दाखवूनच तारीख ठरवा.

डिस्चार्जनंतर योजना १५ दिवसच पाहते. पुढची फिजिओथेरपी, पट्टा, कमोडची खुर्ची (उकिडवं बसणं बंद असतं) आणि मदतीच्या बाईचा पगार यांसाठी ४०-५० हजार वेगळे काढा.

कमी पडले तर एफडी मोडू नका, तिच्यावर कर्ज घ्या. ठेवीला ७ टक्के आणि कर्जाला साडेआठ धरले, तर १ लाखाला वर्षाचा खरा भार दीड हजार. सोयाबीनची पट्टी आली की फेडून टाका.

एवढी चौकशी करायला दोन-तीन आठवडे लागले तरी बहुधा बिघडत नाही. पण लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पाऊल लुळं पडलं, तर कार्ड, अंदाज सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी आईंना दवाखान्यात न्या.